खंडेनवमीचे दोन चाकू

मधुवंतीला त्या दिवशी दोन गोष्टी एकदम मिळणार होत्या. एक म्हणजे प्रद्युम्नदादाच्या मोटरसायकलवरून मैत्रिणीच्या, धनश्रीच्या, घरापर्यंतची सफर, आणि दुसरी म्हणजे चाकू. कांदा चिरायचा नव्हे हं. मिटून खिशात ठेवायचा, क्लिपने अडकवायचा, परदेशातून मागवलेला, हातात घेतला की आपण एकदम कोणीतरी आहोत असं वाटायला लावणारा चाकू.

दादा तिचा चुलतभाऊ, पुण्यात इंजिनियर. त्याने असे दोन चाकू मागवले होते. एक तो रोज खिशात बाळगणार आणि दुसरा मधुवंतीला देणार, कारण उन्हाळ्यात तिने गिर्यारोहणाचं शिबिर पुरं केलं होतं आणि तेव्हापासून तिची मान जरा जास्तच ताठ झाली होती. वर्गात हात वर करायची, सरांना उलट प्रश्न विचारायची, एसटीत खिडकीची जागा मागून घ्यायची. कोणता चाकू कुणाचा, हे दोघांनी मिळून वापरून ठरवायचं होतं, आणि तेही आजच. दसऱ्याला पहाटे दादा पुण्याला परत जाणार होता.

अडचण एवढीच की आज खंडेनवमी होती आणि दोन्ही चाकू पूजेत होते.

मधुवंतीचे बाबा, नारायणराव, भोरच्या कोर्टात नाझर. घरात जे जे म्हणून हत्यार आहे ते खंडेनवमीला पाटावर मांडलंच पाहिजे, हा त्यांचा दंडक. विळी, अडकित्ता, पाने-पकडी आणि त्यांच्या रांगेत हे दोन पाहुणे, पाती उघडून ठेवलेले. आईने ओल्या कुंकवात भिजवलेल्या अक्षता सगळ्यांवर सढळ हाताने टाकल्या. एकदा पूजेत मांडलेली वस्तू दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत हलवायची नाही, कामाला तर लावायचीच नाही.

पण जेवणं झाली, बाबा आडवे झाले, आई शेजारी गेली, आणि दादाने पाटावरून दोन्ही चाकू उचलले. पँटला पुसले, मिटले, एक खिशात टाकला आणि एक तिच्या हातात दिला. संध्याकाळच्या आत आणून ठेवू, कुणाला कळणारही नाही, असं तो म्हणाला. मधुवंतीने पाटाकडे पाहिलं. चाकू होते तिथे कुंकवात दोन कोऱ्या जागा उरल्या होत्या, हुबेहूब चाकूंच्या आकाराच्या. तिने नजर काढून घेतली आणि हेल्मेट चढवलं.

नसरापूरला चहाला थांबले तेव्हा खरी परीक्षा सुरू झाली. मधुवंतीने एव्हाना दोघांना नावंही दिली होती. चांदणी आणि काळू. चांदणी राखाडी, टायटॅनियमची, माशासारखी गुळगुळीत. मागचा खटका बोटाने ओढला की पातं टक्कन बाहेर. तिच्या मुठीतलीच एक पट्टी आत सरकून पात्याच्या बुडामागे उभी राहायची. ती तिथे आहे तोवर पातं मिटत नाही. काळू जाडजूड, खरखरीत मुठीचा. त्याच्या पाठीवर कळ होती, आणि ती इतकी ताठ की मिटताना दोन्ही हात लावावे लागत. चांदणीने पेरूच्या फोडी अशा केल्या की फोड पडल्यावर कळायचं, कापली गेली म्हणून. काळूने पेरू फोडल्यासारखा केला. पण दोरखंड कापताना काळू हाताशी घट्ट राहिला आणि चांदणी तळव्यात किंचित फिरली. दादाचं मन कधीच चांदणीवर बसलेलं होतं. तो वजनाबद्दल, पोलादाबद्दल, धारेच्या कोनाबद्दल इतकं बोलला की चहावाल्याने दुसरा कप विचारायचं सोडून दिलं.

मधुवंतीलाही चांदणीच हवी होती. तिने ती पुन्हा पुन्हा उघडली. टक. टक. टक. मग एकदा आवाज वेगळा आला. 'टक' नाही, 'टप्'. ओल्या लाकडावर बोट मारावं तसा. तिने पुन्हा उघडली, पुन्हा टप्. दादाकडे पाहिलं तर तो पैसे देत होता. धूळ गेली असेल, असं तिने स्वतःला सांगितलं आणि चांदणी त्याच्या हातात ठेवली.

मार्गासनीच्या पुढे रस्ता अरुंद झाला. भाताची खाचरं पिवळी पडायला लागली होती आणि राजगडावर ढगाची सावली बसली होती. बाकी सगळीकडे ऊन, फक्त तिथेच नाही. गुंजवण्याला गाडी लावून ते चढायला लागले. धनगरवाड्यापर्यंतची वाट मधुवंतीला पाठ होती. धनश्री तिच्या वर्गातली, भोरच्या वसतिगृहात राहणारी, सुट्टीला घरी आलेली. एरवी ती अर्ध्या वाटेवर सामोरी यायची. आज आली नाही. वर पोचले तेव्हा कळलं का.

घरापुढे काबरी नावाची शेळी तीन पायांवर उभी होती. मागचा डावा पाय तिने पोटाशी घेतला होता. खूर वाढून आत वळलं होतं आणि त्याखाली पू झाला होता. वास येत होता. तिची दोन पिल्लं आचळाला तोंड लावायला धडपडत होती आणि ती त्यांना उभं राहू देत नव्हती. धनश्रीची आई पारूबाई शेजारी उकिडवी बसून तो पाय न्याहाळत होती. धनश्रीचे वडील, म्हादू, मेंढरं घेऊन घाटमाथ्याकडे गेले होते.

खूर आजच कापलं पाहिजे, हे पारूबाईला दिसत होतं. पण तिचा विळा, कोयता, कुऱ्हाड, सगळं आत देवापुढे मांडलेलं होतं. आज त्याला हात लावायचा नव्हता, आणि ती लावणारही नव्हती. तेवढ्यात दादाने खिशातून चांदणी काढली.

पारूबाईचे डोळे चमकले. असलं पातं तिने आयुष्यात पाहिलं नव्हतं. तिने पदराला हात पुसून पुढे केला आणि मधेच थांबवला.

"तुमच्याकडं आज पूजा न्हाई व्हय?"

"हे नवीन आहेत मावशी," दादा म्हणाला. "पूजेत नव्हते ठेवले."

किती सहज म्हणाला तो. मधुवंतीने तोंड उघडलं. सरांना उलट प्रश्न विचारणारी मधुवंती, खिडकीची जागा मागून घेणारी मधुवंती. पण धनश्री तिच्याकडे बघत होती, दादा तिच्याकडे बघून भुवई उडवत होता, आणि शेळी कण्हत होती. तिने तोंड मिटलं. पारूबाईने चांदणी घेतली.

"लई हलकी हाय गं," ती लेकीला म्हणाली. "फुलावानी."

दादाने काबरीची शिंगं धरली. धनश्रीने मांडी घालून आजारी पाय पोटाशी आवळला. पारूबाईने खटका ओढला. टप्.

मधुवंतीच्या मानेवरून काहीतरी सरकून गेलं.

सुरुवात झकास झाली. खुराच्या वाढलेल्या कडा लिंबाच्या सालीसारख्या सुटून पडत होत्या. दादा खुशीत येऊन म्हणाला, ठरलं, चांदणी माझी. मग पारूबाईने पातं खोल घातलं, पू होता तिथवर, आणि ते तिथेच रुतलं. तिने मागे ओढलं. आलं नाही. तिने मूठ घट्ट आवळली, आता जरा हिसका देऊन काढावं म्हणून.

तेव्हा मधुवंतीला ते दिसलं. ती पारूबाईच्या उजव्या हाताला वाकली होती, ऊन नेमकं मुठीवर पडलं होतं. पात्याच्या बुडामागे जी पट्टी उभी राहायला हवी, ती उभी नव्हती. बाजूला अडून राहिली होती. पट्टी आणि पात्याच्या मधल्या फटीत काहीतरी लाल होतं, फुगलेलं. तांदळाचा दाणा. कुंकवाने माखलेला.

म्हणजे पातं कशानेच धरलेलं नव्हतं. ते उघडं होतं ते फक्त खुरात रुतलंय म्हणून. एक हिसका, नाहीतर शेळीची एक लाथ, की ते मिटणार. आणि मिटायच्या वाटेवर पारूबाईची चार बोटं होती, मुठीभोवती वळलेली. रोज सकाळ-संध्याकाळ सगळ्या शेळ्या पिळणारी बोटं. म्हादू मेंढरांमागे महिनोन्महिने बाहेर. ही बोटं गेली तर या घरात धार काढणारं कुणी उरत नव्हतं. धनश्रीला वसतिगृहातून गाशा गुंडाळून इथेच बसावं लागलं असतं.

ओरडावं तर शेळी बुजणार. पारूबाईचा हात धरावा तर ती दचकणार. वारा पडला होता. पिल्लंसुद्धा गप्प उभी होती.

मधुवंतीने खिशातून काळू काढला, मिटलेलाच, आणि पारूबाईच्या मुठीबाहेरून तो तिच्या बोटांच्या पाठीला लावून उभा धरला, ढालीसारखा. मग अंगाई म्हणावी तशा आवाजात बोलली.

"मावशी, ओढू नका. चाकू पूजेतला आहे. पूजेतला तांदूळ अडकलाय त्यात, पातं कधीही मिटेल. हात आहे तसाच ठेवा. बोटं हळूहळू सोडा."

दादा म्हणाला, काहीतरी काय मधे. त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही.

पारूबाईने मान वळवली नाही. तिने फक्त श्वास घेतला. मग करंगळी सुटली. मग तिच्या शेजारचं बोट. मधलं बोट सुटत असतानाच काबरीने सगळा जीव एकवटून लाथ मारली.

आवाज झाला तो टकही नव्हता, टप्ही नव्हता. खच्. पातं खुरातून सुटलं, मिटलं आणि काळूच्या काळ्या मुठीत जाऊन रुतलं, मधुवंतीच्या अंगठ्याच्या नखापासून जवभर अंतरावर. पारूबाईने हात मागे घेतला. धनश्रीने पाय सोडला नव्हता. ओठ दाबून तिने तो तसाच आवळून धरला होता.

पारूबाईने उजव्या हाताची मूठ उघडली, मिटली, पुन्हा उघडली. बोटं होती. मग तिने दादाकडे पाहिलं. रागाने नाही. घरात शिरलेल्या परक्या माणसाकडे बघावं तसं.

"कोरं हाय म्हनालास, म्हनून हात लावला म्या," ती म्हणाली. "न्हाईतर दातानं कुरतडलं असतं, पन पूजेतलं घेतलं नसतं."

दादाचा चेहरा उतरला. तो पुटपुटला की काळू भक्कम आहे, त्याची कळ वेगळी असते, त्याने काम पुरं करा. पारूबाईने दोन्ही हात पदराखाली घेतले.

"त्योबी पूजेतलाच न्हवं?"

हा प्रश्न तिने दादाला विचारला नाही, मधुवंतीला विचारला.

"हो मावशी," मधुवंती म्हणाली. "दोन्ही."

"मग म्या न्हाई शिवायची."

खूर अर्धवट कापलेलं, त्यातून पू आणि रक्त वाहत होतं. असं सोडून चालणार नव्हतं, हे मधुवंतीला कुणी सांगायची गरज नव्हती. पारूबाई धरणार नाही. दादाला शिंगं सोडता येत नव्हती. धनश्री पाय सोडू शकत नव्हती, आणि तिने मैत्रिणीकडे अजून एकदाही वर पाहिलं नव्हतं.

मधुवंतीने चांदणी ओढून काढली आणि दूर दगडावर ठेवली. काळूच्या मुठीवर आडवी खाच पडली होती, खोल. तिने काळू उघडला. कळीची खाच नखाने कोरून पाहिली, फुंकली, ओढणीने पुसली. मग पात्याची पाठ दगडावर टेकवून सगळा भार टाकला. हललं नाही. पुन्हा टाकला. हललं नाही. तरी तिचा विश्वास बसेना. तिने तिसऱ्यांदा भार टाकला, आणि आपल्याच मुठीकडे बघत राहिली. चार बोटं, तशीच वळलेली, तशीच वाटेत.

"मी कापते," ती म्हणाली. "तुम्ही सांगा कसं ते."

पारूबाई लेकीच्या मागे येऊन बसली, हात पदरातच. आधी बाहेरची कड, ती म्हणाली, आत एकदम जायचं न्हाई, आन् पातं रुतलं तर वढायचं न्हाई. राजगडावरची सावली उतरून एव्हाना वाड्यापर्यंत आली होती. खुराची कड आता नीट दिसतही नव्हती. काबरीच्या मांडीतला स्नायू ताणला जातोय, हे मधुवंतीला तिच्या कातडीखाली दिसलं.

"हं," पारूबाई हळू आवाजात म्हणाली. "आता."

मधुवंतीने पातं टेकवलं.