घट्ट धरलेला चेंडू

दार वाजवायच्या आधीच विल्फ टॅटर्सलने टोपी काढून हातात घेतली. दार म्हाताऱ्या प्लॅटने उघडलं, पण त्याला आत घेण्याऐवजी स्वतःच बाहेर येऊन दार मागे ओढून घेतलं.

सहा वर्षांपूर्वी फुटबॉलच्या सामन्यात विल्फच्या धडकेने म्हाताऱ्याचा गोलकीपर मुलगा डेरेक गोलच्या खांबावर आपटला आणि तिसऱ्या दिवशी गेला. हातात चेंडू असेल तर गोलकीपरला खांद्याने धडक देणं नियमात बसायचं. नसेल तर नाही. चेंडू हातातच होता, असं विल्फने चौकशीत शपथेवर सांगितलं आणि सुटला.

सुटला म्हणायचं एवढंच. त्यानंतर गोलकीपर पुढे आला की त्याचे पाय आखडायचे. पहिल्या डिव्हिजनचा सेंटर फॉरवर्ड घसरत घसरत तिसऱ्यात आला. “विल्फ, आधी त्याची परवानगी काढ!” असं त्याच्याच गावचे लोक ओरडायचे. काल तो शेवटचा सामना खेळला, आणि आज चर्च सुटल्यावर तडक प्लॅटच्या गावी, ऑल्डरशॉला आला.

“मिस्टर प्लॅट, मी खोटं बोललो. चेंडू त्याच्या हातात नव्हता.”

“सुटून लांब गेला होता,” म्हातारा म्हणाला. “मी गोलच्या मागेच उभा होतो.”

त्याने थोबाडीत मारली असती तर विल्फला बरं वाटलं असतं.

“मग बोलला का नाहीत?”

“पोराने शेवटपर्यंत चेंडू सोडला नाही, असं त्याच्या आईला वाटतं. तेवढ्यावर जगतेय ती. आत ये. ती विचारेल.”

मिसेस प्लॅटने त्याला डेरेकच्या खुर्चीत बसवलं, चहा दिला. गिरणीतल्या कपातीबद्दल, आपल्या खोकल्याबद्दल ती बराच वेळ बोलत राहिली. मग कप खाली ठेवला.

“तू सगळ्यात जवळ होतास ना रे बाळा. घट्ट धरला होता त्याने?”

विल्फने म्हाताऱ्याकडे पाहिलं. तो शेगडीतले कोळसे सारत होता. त्याने मान वर केली नाही.

“घट्ट, मिसेस प्लॅट. मला सोडवता आला नाही.”

तिचा चेहरा उजळला. पुन्हा सांग म्हणाली. विल्फने पुन्हा सांगितलं.

पोचवायला म्हातारा एकटाच दाराशी आला.

“पुढच्या रविवारी ये. ती वाट बघेल.”

“असं किती दिवस?”

“ती आहे तोवर,” म्हातारा म्हणाला आणि त्याने दार लावून घेतलं.