कंटाळवाणी गाडी

फ्रीज घर्रकन थरथरला आणि दुपारची शांतता मोडली. भाजी चिरता चिरता ती दचकली. फ्रीज असाच गप्प होतो आणि असाच सुरू होतो, हे काय तिला ठाऊक नव्हतं? पण कुठलंही यंत्र अडखळलं की हल्ली तिच्या छातीत धस्स व्हायचं. पुलाच्या चढावर त्यांची जुनी गाडी बंद पडली, मागचा ट्रक भोंगा वाजवत सुटला आणि मागच्या सीटवर लेक होती, त्या दिवसापासून तिनं स्टिअरिंगला हात लावला नव्हता. आता रजा संपत आली होती. लेकीची शाळा आणि ती कामाला होती ते चष्म्याचं दुकान, दोन्ही पुलापलीकडे. गाडी चालवता आली नाही तर नोकरीवर पाणी सोडावं लागणार होतं.

संध्याकाळी सगळं घर शोरूममध्ये. नवऱ्याचा पाय एका लालभडक गाडीपुढून हलेना.

“बघ तरी, छत उघडतं!”

“उघडून काय कपडे वाळत घालायचेत?” सासूबाई म्हणाल्या. “असलेलं छप्पर असू दे रे बाबा डोक्यावर.”

विक्रेतीनं हसू दाबलं. “ताई, तुम्हाला कशी हवी?”

“बंद न पडणारी.”

“मग ती कोपऱ्यातली करडी बघा. जरा उंच आहे, आजींना बसायला सोपी. कंपनीनं इंजिन कित्येक वर्षं बदललेलं नाही, इतकं भरवशाचं. गॅरेजवाले हिला बघून जांभया देतात.”

“दिसतेच कंटाळवाणी,” नवरा पुटपुटला.

“कंटाळवाणीच हवी,” ती म्हणाली. “हौसेची गाडी भोगून झाली आपली.”

चालवून बघायची वेळ आली तेव्हा तिनं किल्ली नवऱ्यापुढे केली. त्यानं हात मागे घेतले. “रोज कोण चालवणार? तू. मग बस. आम्ही सगळे आहोत ना.” आणि खरंच सगळे मागे बसले. सासूबाई, नवरा आणि मधे सीटवर बांधलेली गोगलगाय. एक दूध प्यायला अख्खी सकाळ लावायची, म्हणून लेकीचं हे नाव. विक्रेती पुढे शेजारी.

“पुलावरून घेऊ?” स्टिअरिंग धरत तिनं विचारलं. आवाज आपलाच आहे का, असं तिला वाटलं.

अर्ध्या चढावर सिग्नल लाल झाला. तिनं ब्रेक दाबला. आणि इंजिन बंद. आवाज नाही, थरथर नाही, काही नाही. आरशात मागे एक ट्रक येऊन उभा राहिला.

“पडली!” ती ओरडली.

मागचे तिघेही एकदम पुढे वाकले. जुन्या गाडीनं लावलेलं वळण ते. चढ आला की सगळ्यांनी पुढे वाकायचं, म्हणजे म्हणे गाडीला बळ मिळतं. सासूबाईंनी पुढच्या सीटची पाठ थोपटली, “चल गं बाई, चल!”

विक्रेती गोंधळून मागे वळली. “काही पडलं का खाली?”

मग विक्रेतीच्याच लक्षात आलं. “अहो, बंद नाही पडली! थांबली की इंधन वाचवायला स्वतःच झोपते. सिग्नल मिळाला की पाय उचला फक्त. मागेही घसरणार नाही.”

हिरवा. तिनं श्वास रोखून पाय उचलला. इंजिन जागं झालं, गाडी जिथल्या तिथे धरून राहिली, आणि तिनं हलकेच वेग दिला तशी निमूट चढली. ट्रकनं भोंगासुद्धा वाजवला नाही.

“आता सरळ बसा,” ती म्हणाली आणि तिला हसू फुटलं. ते थांबेचना. नवराही हसला. सासूबाई पाठ टेकत म्हणाल्या, “गाडी आणि जावई, दोन्ही चढावरच कळतात. घ्या ही.”

पुलापलीकडे तिनं एका झाडाखाली गाडी लावली. हात सैल सोडले. कधीचं आखडलेलं काहीतरी खांद्यांवरून उतरत होतं. मागून गोगलगायीचा आवाज आला, नेहमीसारखा सावकाश.

“आई, त्या दिवशी तू म्हणालीस, गाडी गंमत करतेय. मग मला बाहेर काढून तू इतकं घट्ट का धरलं होतंस?”

तिनं आरशात लेकीकडे पाहिलं. मग पट्टा सोडून ती मागे वळली, “कारण मी घाबरले होते गं.”