पहिला दाब देवाला

ब्रश दाबला की मागच्या सीटमधून तपकिरी पाणी वर यायचं, आणि पाण्याबरोबर तो वास. तिने नाक खांद्यात खुपसलं आणि तशीच घासत राहिली. दिवसभर पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांच्या लघवीच्या बाटल्या आणि थुंकीच्या डब्या हाताळणारी बाई ती. तिथे कधी कपाळाला आठी पडली नव्हती. पण या गाडीत केव्हातरी सांडलेलं दूध स्पंजात जाऊन जे मुरलं होतं, त्यापुढे तिला श्वास रोखून धरावा लागायचा.

नुसतं दूध असतं तर एक वेळ चाललं असतं. स्टिअरिंगच्या आवरणाचे काळे पोपडे तळहाताला चिकटायचे. एसी लावला की गुडघ्यावर घाण पाणी ठिबकायचं. अर्धा महिना गाडी गॅरेजात, उरलेला अर्धा महिना नवरा तिच्या कौतुकात. 'वरचं रूप नको बघू, इंजिन बघ,' हे ऐकून ऐकून तिचे कान किटले होते. शेवटी तिने निर्वाणीचं सांगितलं, या दारात एक तर ही राहील नाही तर मी. नवऱ्याने चार दिवस तोंड फुगवलं आणि मग गिऱ्हाईक शोधलं.

"आटप गं, येतीलच ते," म्हणत तो बाहेर आला. हातात गुलाबाच्या वासाची डबी होती. ती त्याने एसीच्या जाळीला अडकवली आणि समाधानाने हुंगून पाहिलं. नासलेल्या दुधावर गुलाब चढला. आधीचा वास परवडला, असं तिला झालं.

"ब्रेकचं सांगणार आहात ना त्यांना?"

"सांगू की, वेळ आली की."

ब्रेकचं दुखणं घरात जुनं होतं. एकदा दाबला तर पाय सरळ खाली जायचा, गाडीला पत्ताच नसायचा; सोडून पुन्हा दाबला की धरायचा. मेकॅनिकने बजावून सांगितलं होतं, काम करून घ्या, हसण्यावारी नेऊ नका. 'कधी ना कधी विकायचीच आहे' म्हणून ते राहिलं ते राहिलंच. "पहिला दाब देवाला, दुसरा आपल्याला," असं नवरा आल्यागेल्याला सांगायचा आणि लोक हसायचे. तीही हसत आली होती. तिच्या पायाला तर आता सांगावंही लागत नव्हतं.

गिऱ्हाईक म्हणजे एक निवृत्त पोस्टमास्तर आणि त्यांची बालवाडीत शिकवणारी मुलगी. गाडी मुलीसाठी हवी होती. पोस्टमास्तरांनी टायरला बुटाने हलकेच ठोकरून पाहिलं, कारण गाडी बघायला गेल्यावर टायरला ठोकरायचं असतं एवढंच त्यांना माहीत असावं.

"ताई, तुमच्यासाठीच थांबली होती बघा ही," नवरा म्हणाला. त्याचं चष्म्याचं दुकान होतं. कुठलीही फ्रेम कुणाच्याही नाकावर चढवून तो याच आवाजात 'चेहरा खुलला बघा' म्हणायचा. तो आवाज ऐकला की तिला अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं.

"मला लायसन्स परवाच मिळालंय," मुलगी म्हणाली. "आधी तुम्ही एक चक्कर मारून दाखवा, मग मी बघते."

"तुम्ही कशाला आज? एवढ्या रहदारीत उगाच धाकधूक. घरी नेल्यावर तुम्हालाच चालवायची आहे की!"

पोस्टमास्तर पुढे बसले. मागे ओलसर सीटवर चादर अंथरून ती आणि ती मुलगी. नवरा गाडी अशी हाकत होता की जणू आत बाळंतीण बसली आहे. प्रत्येक वळणाच्या खूप आधी त्याचा पाय गुपचूप एकदा खाली जाई, मग दुसऱ्यांदा, आणि तोंडाने इंजिनाचं पुराण चालू असे.

"ब्रेक वगैरे कसे आहेत?" पोस्टमास्तरांनी विचारलं.

"लोणी हो, लोणी!"

तिने त्याच्या मानेकडे पाहिलं. मानेवर पावडर होती आणि त्यातून घामाचे ओघळ उतरले होते. या मानेची तिला किळस आली. आणि मग आपलीही, कारण तिचंही तोंड शिवलेलंच होतं. एक शब्द बोललं की हे धूड परत दारात. न बोललं तर संध्याकाळपर्यंत दार मोकळं. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

"छान वास आहे हो, काकू," मुलगी म्हणाली. "गुलाबाचा ना? आमचं पिल्लू खूश होईल. मुलगा तीन वर्षांचा आहे माझा. त्याला इथेच बसवीन, तुम्ही बसलाय तिथे."

तिने नुसतं हं केलं.

पुढे उतार होता. उताराच्या तोंडाशी एक टेम्पो चालता चालता मध्येच थांबला, आणि नवरा तेव्हा पोस्टमास्तरांकडे वळून काहीतरी सांगत होता. काही कळायच्या आत तिचा उजवा पाय मागच्या मॅटवर आदळला. एकदा, आणि लगेच पुन्हा. नवऱ्यानेही वेळेवर सावरलं. गाडी टेम्पोपासून हातभर अंतरावर थांबली.

मुलगी तिच्या पायाकडे बघत होती.

"काय झालं काकू? पेटका आला का?"

"येतो तिला," नवरा आरशातून म्हणाला. "दिवसभर लॅबमध्ये उभी असते बिचारी."

त्याने ते इतकं पटकन, इतक्या मायेने म्हटलं. गाडीचं खोटं कमी पडलं म्हणून याने आता तिचा पाय वापरायला काढला होता. तिला फक्त मान हलवायची होती.

"पेटका नाही," ती म्हणाली. "हिचा ब्रेक पहिल्या दाबाला लागत नाही. दोनदा दाबावा लागतो. माझ्या पायाला सवय झालीय."

पोस्टमास्तर म्हणाले, "बाजूला घ्या गाडी."

गाडी बाजूला घेताना नवऱ्याचा पाय दोनदा खाली गेला. या वेळी सगळ्यांनी तो पाहिला.

उतरल्यावर मुलीने रुमाल काढून हात पुसले, एकेक बोट करून. तिच्या डोळ्यांत काकूंसाठी आभार वगैरे काही नव्हते. नवऱ्याकडे जसं बघितलं, तसंच तिने काकूंकडे बघितलं, आणि वडिलांचा हात धरून चालू लागली.

"झालं समाधान?" नवरा म्हणाला. "आता घे उरावर आणि बस."

"चावी द्या."

ती स्टिअरिंगमागे बसली. काळे पोपडे तळहाताला चिकटले. तिने जाळीवरची डबी उपटून कोपऱ्यावरच्या कचराकुंडीत भिरकावली आणि चारही काचा खाली केल्या. दूध तिथेच होतं.

"घर डावीकडे आहे," थोड्या वेळाने नवरा म्हणाला.

"गॅरेज उजवीकडे आहे."

समोर लाल दिवा लागला. तिचा पाय पेडलवर गेला, एकदा, दोनदा. शेजारी नवऱ्याचा पायही रिकाम्या मॅटवर दोनदा दाबला गेला. तिने त्या पायाकडे पाहिलं, आणि त्याने तो हळूच सीटखाली ओढून घेतला.