माझ्या तोंडात फोम कोंबला तेव्हा

मी एक जुनी पांढरी गाडी आहे, नागपुरातल्या हुडकेश्वरची. आणि मित्रांनो, माझ्याच घरच्या माणसांनी माझ्या तोंडात फोम कोंबला! दचकलात? मी तर अजून सावरले नाही.

आधी माझा जन्म ऐका. मोठ्या कारखान्यात पत्र्याला पत्रा जोडून मला उभं केलं, रंग दिला, चार चाकं लावली. प्रत्येक चाकाच्या पोटात बेअरिंग असतं, म्हणजे लोखंडी कड्यात बसवलेल्या गुळगुळीत गोळ्या. त्या नीट फिरल्या तरच चाक जागेवर राहतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

चौदा वर्षांपूर्वी स्वानंदनं मला घरी आणलं. त्याच्या आईनं, रंभाबाईंनी, मला ओवाळलं, कुंकू लावलं आणि शेजारणीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "आवाज म्हणून नाही. बसलं की झोपच लागते." मी फुगले. फुगू नको तर काय करू? खरंच होतं ते.

मग नागपुरातल्या सडका सिमेंटच्या झाल्या. डांबरावर चाक गुमान जातं, सिमेंटवर घरघरतं. त्यात माझे टायर जुने होऊन दगडासारखे टणक झाले, दारांची रबरं सुकली. आत बसलेल्यांना एकमेकांचं बोलणं कळेना. सगळ्यात हाल वामनरावांचे, म्हणजे स्वानंदच्या वडिलांचे. सक्करदऱ्यात चाळीस वर्षं त्यांनी पिठाची गिरणी चालवली आणि कान तिलाच देऊन आले. कानाला मशीन लावलं की माझी घरघर दुपटीनं त्यांच्या डोक्यात शिरायची. मग ते मशीन खिशात ठेवून खिडकीबाहेर बघत बसायचे. शेवटी तर गाडीत यायलाच नाही म्हणू लागले.

म्हणून आवाज कमी करून घ्यायला स्वानंदनं मला दुकानात नेलं. माझ्या सीटा काढल्या, दारांना नवी रबरं लावली, तळाला चिकट काळी शीट, तिच्यावर बोटभर जाड फोम. हेतू चांगला होता, मी नाही म्हणत नाही. पण त्या घरघरीतला एक आवाज सडकेचा नव्हता. मागच्या डाव्या चाकातलं बेअरिंग झिजलं होतं. महिनाभर मी हूंऽऽ हूंऽऽ करून सांगत होते, अरे पोरा, चाक निखळेल, जिवावर बेतेल! आणि या शहाण्यानं सांगणारीचंच तोंड दाबलं. दुकानदारानंही एकदा चाक हलवून बघितलं नाही. मी हादरून गेले.

पुढच्याच रविवारी तिघं निघाले शहराच्या दुसऱ्या टोकाला, वाडीला, स्वानंदच्या बहिणीकडे, अरुंधतीकडे जेवायला. रंभाबाई पुढे, वामनराव मागे, नेमके त्याच चाकाजवळ. त्यांनी कानात मशीन घातलं.

"ऐकू येऊन राह्यलं का?" रंभाबाईंनी मागं वळून विचारलं.

"येऊन राह्यलं वं. पण इतक्या दिवसांनी ऐकू आलं, अन् पह्यला आवाज तुयाच!"

"मंग कोनाचा पाह्यजे होता? नटीचा?"

तिघं खळखळून हसले. मी कशी हसू? चाक तापलं होतं, अमरावती रोडवर दोन्ही बाजूंनी ट्रक धावत होते आणि माझी हाक फोमखाली घुसमटत होती.

एका जागी सिमेंट संपून डांबर लागलं. घरघर थांबली. वामनराव एकदम पुढे सरकले. त्यांनी मशीन काढून खिशात टाकलं.

"पाहा बाप्पा!" रंभाबाई कडाडल्या. "पोरानं एवढी खटपट केली, अन् यायनं काढून ठेवलं!"

वामनराव खाली वाकले. चप्पल काढली, आणि दाराशी जिथं फोम संपतो तिथल्या उघड्या पत्र्यावर तळपाय टेकवला. गिरणीत ते असेच अनवाणी उभे राहायचे. कान गेल्यावर गिरणीचं दुखणं त्यांना पायांतूनच कळायचं.

मशीन पुन्हा कानात घालत ते म्हणाले, "स्वानंद, गाडी थांबव गा. मागच्या चाकात काहीतरी घुमून राह्यलं."

"काहून बाबा? सडकेचा आवाज असंन."

"सडक बदलली. हे बदललं नाही. थांबव म्हनतो ना!"

पुढेच ताडपत्रीखाली धोंडबा मेकॅनिक बसला होता. त्यानं जॅक लावून मला उचललं, दोन्ही हातांनी चाक धरून हलवलं. दुधाचा दात हलावा तसं चाक हललं.

"माय वं!" धोंडबानं हात मागे घेतले. "हे तर ट्रकायच्या मधात निंगालं असतं. कवापासून आवाज येऊन राह्यला होता?"

"महिना झाला," स्वानंद पुटपुटला. महिनाभर तो माझा हुंकार ऐकत होता आणि गाणी मोठी करत होता. तो चाकाजवळ उकिडवा बसला आणि त्यानं स्वतःच्या हातानं ते हलवून बघितलं. रंभाबाईंची जीभ देवळातसुद्धा गप्प बसत नाही, पण त्या दिवशी बसली. त्या फक्त वाकल्या आणि नवऱ्याची चप्पल त्यांच्या पायाशी सरकवली.

बेअरिंग नवं बसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी रंभाबाई स्वयंपाकघरातली कात्री घेऊन माझ्यात शिरल्या आणि मागच्या सीटपुढचा फोम कापू लागल्या.

"आई, काहून कापून राह्यली? नवा आहे तो!"

"तिले बोलाले जागा ठेवून राह्यली. तुले तर काही समजत नाही."

मित्रांनो, घरातलं जुनं यंत्र कण्हू लागलं, किंवा म्हातारं माणूस कुरकुरलं, तर लगेच त्याचं तोंड बांधू नका. आधी विचारा, काय दुखतं. शांतता मलाही आवडते, पण दुखणं बरं झाल्यावरची.

आता वामनराव कानात मशीन घालून बसतात, बायकोचे टोमणे ऐकतात, उलट टोमणे मारतात. आणि एक पाय अनवाणी, त्या कापलेल्या जागेत ठेवतात. एका पावलापुरतं माझं तोंड उघडं आहे. सध्या मी काही बोलत नाही. पण बोलले, तर ऐकणारा बसलेला आहे.