डोंगरावरची मागणी

“डोंगरावरच्या दवाखान्याला मशीन? अहो, ते लोक फोटो मागतच नाहीत!” साहेबांनी पडद्यावरच्या मागण्यांच्या आलेखात सर्वांत बुटक्या रेघेवर बोट ठेवलं. “मोठ्या हॉस्पिटलची रेघ बघा, छताला लागलीय. नवं मशीन तिथेच जाणार. नियम तुमचाच आहे, मॅडम.”

नियम खरंच तिचा होता. सहा दवाखान्यांच्या त्या संस्थेत रुग्णांच्या एक्स-रे आणि स्कॅनच्या प्रती कुठल्या गावच्या साठवणीच्या मशीनवर ठेवायच्या, हे ती ठरवायची. जिथून मागणी जास्त, तिथे प्रत जवळ. बाकीच्यांनी लांबून मागवायचं. या कामापायी ऑफिसनं तिचं नाव कॉपीबाई पाडलं होतं. बिचारीनं शाळेत एकदाही कॉपी केली नव्हती, पण नाव पडलं ते पडलंच.

साहेबांचं बरोबर होतं, तरी तिच्या डोक्यात किडा वळवळत राहिला. डोंगरावर रुग्ण तर पुष्कळ. शहरात येऊन फोटो काढतात आणि घरी वर परततात. मग तिथल्या डॉक्टरला ते फोटो बघावेसे वाटत नाहीत? असल्या नसत्या चौकश्यांपायीच तिची बढती हुकली होती, पण खोड काही जात नव्हती.

संध्याकाळी भाजी चिरता चिरता तिनं हे सासूबाईंना ऐकवलं. सुनेचं काम आपल्याला कळत नाही, हे सासूबाई आल्यागेल्याला कौतुकानं सांगत.

“हे बघा आई, घरात कात्री एकच. ठेवायची कुठे? जो जास्त वापरतो त्याच्या हाताशी. म्हणून ती पोरीच्या टेबलावर असते.”

“हो ना. आणि पोरीची खोली वरच्या मजल्यावर. माझे गुडघे हे असे. मी आपली दातांनी दोरा तोडते.”

“अहो, मग मागायची ना!”

“मागायचे की. तुम्ही सगळे ‘आणते, आणतो’ म्हणायचात. मग दिलं सोडून.”

सुरी तिच्या हातातच राहिली. तिला लाज वाटली, आणि लाजेहून जास्त उत्सुकता. सकाळी ऑफिसात पर्स ठेवायच्या आधी तिनं डोंगरावर फोन लावला.

“मागायचो हो मॅडम, पूर्वी,” तिथल्या सिस्टर म्हणाल्या. “पण इथवर येणारी लाइन पडली मरतुकडी. पडद्यावर चक्र फिरतंय आणि पेशंट ताटकळलेला. आता आम्ही तोंडी विचारून घेतो, नाहीतर नवा एक्स-रे काढतो. कोण नादी लागणार?”

म्हणजे रेघ बुटकी होती ती गरज नव्हती म्हणून नव्हे. इतकी वर्षं ती मागण्या मोजत आली होती, आणि मागून मागून थकलेली माणसं त्या मोजणीत कधी आलीच नव्हती. तिला स्वतःचंच हसू आलं आणि मग ती उठून थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेली.

साहेबांशी ती तासभर भांडली. शेवटी त्यांनी हात टेकले. “एक महिना. रेघ उठली नाही, तर मशीन खाली आणायचं.”

मशीन वर गेलं, सगळ्या फोटोंची प्रत त्यावर उतरली. रेघ मात्र ढिम्म. साहेब जाता-येता तिच्या पडद्यात डोकावत, “काय म्हणतोय डोंगर?” महिना संपत आला तेव्हा न राहवून तिनं पुन्हा डोंगरावर फोन लावला.

“मशीन बसलंय हो,” सिस्टर म्हणाल्या. “कोपऱ्यात गुरगुरत असतं.”

“मग मागत का नाही? आता फोटो लगेच येईल.”

“असं सगळेच म्हणतात, मॅडम.” आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

“एक मागा. मी फोनवर थांबते. कुणाचाही मागा.”

सिस्टरनी आवाज खाली आणला.

“खरं सांगू? मागच्या वर्षी एक गवंडी आला होता. छातीत दुखत होतं. स्कॅन आदल्या दिवशी शहरात झालेलं. डॉक्टर म्हणाले, ते बघितल्याशिवाय औषध कसं देऊ? अर्धं चित्र आलं आणि लाइन गेली. मग त्याला गाडीत घालून खाली पाठवलं. वाटेतच गेला. त्यानंतर मी मागणंच सोडलं.” की-बोर्डची टकटक ऐकू आली. “त्याचं बघू का? आता उपयोग काही नाही. पण बघू?”

“बघा,” ती कशीबशी म्हणाली.

बटण दाबल्याचा आवाज आला.

“आलं,” सिस्टर म्हणाल्या. “पूर्ण आलं.”

कॉपीबाईच्या पडद्यावर डोंगराची रेघ एका अंकानं वर सरकली. पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज झाला, सिस्टर बसल्या असाव्यात. त्या फोन ठेवत नव्हत्या. तिनंही ठेवला नाही.