झिपरीचा घास

बापूरावांचं मुंगूस पहिल्या रविवारी वीतभर होतं. दिवाळीपर्यंत त्याने एक नाग, तीन कुलपं आणि एका राजाच्या अर्ध्या फौजेची झोप उडवली होती.

हे मुंगूस बिळात राहत नव्हतं, कागदावर राहत होतं. बापूरावांची पुतणी अंबिका ग्वाल्हेरच्या होस्टेलात एक खेळ शिकून आली होती. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एकेक सोंग घ्यायचं, कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी जादूगार. पुढे काय दिसतंय ते अंबिका सांगणार, आपण काय करतो ते ज्याने त्याने सांगायचं, आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवणार. आधी हा खेळ झाशीत अंबिकाच्या सिविल लाइंसमधल्या खोलीत चालायचा. पण एका रविवारी घरमालकाने जिन्यात "गर्दन उडा दो!" असं ऐकलं आणि सोमवारी खोली रिकामी करायला सांगितली. अंबिकाला दुसरी खोली मिळाली, खेळाला मात्र कुणी जागा देईना. तेव्हापासून तो लक्ष्मी गेटला बापूरावांच्या घरी, त्यांच्या जेवणाच्या टेबलावर आला.

टेबल त्यांचं, म्हणून बापूरावही बसले. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये त्यांची चौतीस वर्षं गेली होती. मालडब्याच्या चाकाला कान लावून त्याला कुठे दुखतंय ते आपण ओळखायचो, असं ते सांगत, आणि एकाही चाकाने आजवर ते नाकारलेलं नव्हतं. त्यांनी जादूगाराचं सोंग घेतलं, नाव ठेवलं भस्मानंद. अंबिकाच्या नियमाप्रमाणे जादूगाराला सोबतीला एक प्राणी मिळे. बापूरावांनी मुंगूस घेतलं, तिचं नाव झिपरी. अशा प्राण्याने वास घ्यावा, लपावं, फार तर एखादी किल्ली तोंडात धरून आणावी. बस.

पण बापूरावांच्या तोंडात गेलेली वस्तू त्याच मापाची बाहेर आली, असं कधी झालं नव्हतं.

"काका, झिपरी कुलूप कशी उघडेल?" अंबिका विचारायची.

"अगं, तिचं आजोळ लोहाराच्या भट्टीखाली. पाळण्यातच शिकली ती."

"और पहरेदार को सुला कैसे दिया?"

"शेपटीने. तिची शेपटी डोळ्यांसमोर तीनदा फिरली की माणूस घोरतो. आमच्या फोरमनवर मी स्वतः पाहिलंय."

अंबिका हसत सुटायची आणि हसता हसता कागदावर लिहून टाकायची. लिहिलं की ते झिपरीचं झालं.

मग उन्हाळ्यात बापूरावांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर हिरवी पट्टी, फाशावरचा आकडा दिसेना. त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "अगं, ऐकलंस का? झिपरीचा फासा तेवढा टाकून दे."

कुसुमावतीबाई हात पुसत आल्या, फासा टाकला, "सतरा" म्हणाल्या. बापूराव लगेच सुरू झाले, "सतरा! म्हणजे झिपरी सरळ बोगद्यात उडी..."

"नाही घेणार ती उडी," कुसुमावतीबाई म्हणाल्या. "नवी जागा आहे. आधी उंबऱ्याशी बसेल. आतला वारा कसा येतो ते बघेल. ओला आला तर जाईल."

सगळ्यांच्या माना बाईंकडे वळल्या. त्या घरात एकेचाळीस वर्षं बोलण्याचं खातं बापूरावांकडे होतं आणि ऐकण्याचं बाईंकडे, आणि ही वाटणी कुणी केली होती ते दोघांनाही आठवत नव्हतं.

"वारा ओला आहे, काकू," अंबिका हळूच म्हणाली.

"मग जाईल."

पट्टी निघाली, पण कुसुमावतीबाई काही उठल्या नाहीत. त्यांनी एक वही केली. झिपरीने काय काय पाहिलं ते त्यात बारीक अक्षरात लिहू लागल्या. आणि आठवडाभर, पोळ्या लाटता लाटता, "अहो, त्या विहिरीतल्या पायऱ्या मोजायच्या राहिल्या का हो?" असं विचारू लागल्या. बापूरावांना एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच घरात कुणीतरी उलट प्रश्न विचारत होतं. ते भाजी जास्त खाऊ लागले.

घोटाळा केला अंबिकाने, आणि तो तिच्याच घरातल्या माणसाकडून व्हावा असा होता. तिच्या आईच्या घरी जेवायला बोलवायचं तर काका-काकू म्हणजे मेहूण, निमंत्रण एकच. त्याच सवयीने तिने दोघांना एकाच कागदावर बसवलं. कागद एक, पण बाऱ्या दोन: एक भस्मानंदाची, एक झिपरीची. शिवाय भस्मानंद आपली बारी नसतानाही बोलतच असे, ती तिसरी.

हे मोजलं रुक्मिणीने. ती अंबिकाची मावसबहीण, गरौठ्याच्या शाळेत शिकवायची, आणि खेळात चोर होती.

"अंबे, मी दर रविवारी बसचे धक्के खात येते," ती म्हणाली. "मागच्या रविवारी कुलूप कुणी उघडलं? झिपरीने. पुढे जाऊन कोण बघून आलं? झिपरी. मी काय केलं माहितीये? दार लावून घेतलं. चोर आहे मी! दार लावायला घरची सून पुरते."

"मी तर तलवार काढतो, तोपर्यंत साप मेलेला असतो," शेजारचा विश्वंभर म्हणाला. तो पोस्टात होता, आणि खेळात योद्धा. "काकाजी, मुंगसालाच गादीवर बसवा. हम लोग घर जाएँ."

दोघं हसत बोलत होती, पण पुढच्या रविवारी येतीलच असं त्या हसण्यात नव्हतं. अंबिकाला ते कळलं. आठवडाभर खपून तिने नवा कागद केला आणि रविवारी वाचून दाखवला. झिपरी कुलूप उघडणार नाही. झिपरी कुणाला झोपवणार नाही. झिपरीला स्वतःची बारी नाही, ती भस्मानंदाच्या खांद्यावर बसेल.

"अगं, पण तिचं आजोळ..." बापूराव म्हणाले.

"काका, आजोळ कॅन्सल."

"बरोबर केलंस गं," कुसुमावतीबाई म्हणाल्या. "रुक्मी एवढ्या लांबून येते. तिलाही काही करायला हवं." त्यांनी वही मिटली, चष्मा काढून तिच्यावर ठेवला. "खांद्यावर बसायला फासा कशाला लागतो? मी चहा ठेवते."

"काकू, तुम्हाला वेगळं सोंग देते ना मी. राणी व्हा, वैद्य व्हा, जो चाहो!"

"छे गं बाई. चार माणसांत मी म्हणून काय बोलायचं? मुंगसाचं म्हणून बोलले इतके दिवस." आणि त्या आत गेल्या.

बाकीच्यांना ते सहज वाटलं. बापूरावांना टेबलावरून स्वयंपाकघर दिसत होतं. चहा उकळून वर आला तरी बाई ओट्याशी पाठमोऱ्या उभ्याच होत्या, आणि मागून वीस बाजूंचा फासा टेबलावर गडगडला की त्यांची मान अर्धी वळे आणि पुन्हा सरळ होई.

त्या आठवड्यात घर असं शांत झालं की भिंतीवरची पाल चुकचुकायची ती आधी परवानगी मागून. कुसुमावतीबाई फक्त "भाजी वाढू?" विचारत. विहिरीच्या पायऱ्या कुणीच मोजेना. बापूरावांनी दोन गोष्टी सांगून पाहिल्या, एक वाघाची आणि एक स्टेशनमास्तरच्या मिशांची. बाईंनी हूं हूं केलं. ते हूं पूर्वीही असंच असायचं का? बापूरावांना आठवेना, कारण पूर्वी ते कधी ऐकलंच नव्हतं.

गुरुवारी ते जेवायला बसले. नेहमीसारखा पहिला घास त्यांनी गायीचा म्हणून ताटाबाहेर काढला. हात तसाच राहिला. गोग्रास ते लहानपणापासून काढत होते. वडील सांगायचे, हा आपल्या ताटातला काढायचा, पातेल्यातला नव्हे. पातेल्यातून कुणीही देईल.

जेवण तसंच टाकून त्यांनी अंबिकाला फोन लावला.

"झिपरीची बारी माझ्या ताटातून काढ," ते म्हणाले.

"कौनसी थाली, काका?"

"अगं, आत्तापर्यंत ती सगळ्यांच्या पातेल्यातून जेवत होती. म्हणून रुक्मीला कमी पडलं. कुलूप रुक्मीचं, साप विश्वंभराचा, ते त्यांना परत. पण झिपरीला काही करायचं असेल, तर त्या वेळी भस्मानंद उपाशी. त्याची बारी गेली. एका ताटात दोघं."

फोनमधून अंबिकाच्या पेन्सिलीचा आवाज येत होता. "हिसाब बसतो," ती शेवटी म्हणाली. "पण काका, एक अट. बारी गेली म्हणजे तोंडही बंद. एक अक्षर नाही. तुम्ही बारीशिवायच अर्धा खेळ खेळता."

बापूरावांनी फोन या कानावरून त्या कानावर नेला. चौतीस वर्षांत वर्कशॉपमधल्या घणाच्या आवाजालाही त्यांना गप्प करता आलं नव्हतं.

"कबूल," ते म्हणाले.

रविवारी रुक्मिणीने अट ऐकली आणि टाळी वाजवली. "काका गप्प बसणार? याच्यासाठी मी झाशीपर्यंत चालत येईन."

"ये तो मर जाएँगे," विश्वंभर म्हणाला. "डॉक्टर बुलवा लो, काकी."

कुसुमावतीबाई दारात उभ्या होत्या. "कशाला उगाच," त्या म्हणाल्या. "त्यांची गंमत जाईल. त्यांना खेळू दे की."

"काकू, बसा तर. नको वाटलं तर उठा."

त्या बसल्या, पण खुर्चीच्या कडेवर. पुढचे दोन तास खेळ छान चालला. रुक्मिणीने दोन कुलपं उघडली, विश्वंभराने एका अजगराचे इतके तुकडे केले की मोजणाऱ्याला पाटी लागली असती. भस्मानंदाने मंत्र टाकले. झिपरी खांद्यावरच होती. बापूराव दर वेळी विचारत, "झिपरी काही करते का?" आणि बाई मान हलवत, "नको, तुम्हीच." एकदा त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. मग चहाच्या कपांकडे. बापूरावांना कळलं, आता ह्या उठल्या की पुन्हा बसायच्या नाहीत.

तेवढ्यात ते खेळातल्या तळघराच्या शेवटच्या दाराशी पोचले. अंबिकाने आवाज जाड केला.

"दारावर दगडाचा म्हातारा आहे. तो म्हणतो, हजार वर्षं मी इथे एकटा आहे. मला न ऐकलेली एक गोष्ट सांगा. आवडली तर दार उघडेन. नाही आवडली, तर तुम्हीही इथेच दगड. सांगायला फक्त एक बारी." आणि मग स्वतःच्या आवाजात ती हसली. "आता काय? हे तर काकांचंच काम."

खरंच ते बापूरावांसाठीच वाढलेलं पान होतं. त्यांच्या गप्प बसण्याची भरपाई म्हणून अंबिकाने मुद्दाम ठेवलेलं. त्यांच्या जिभेवर एकदम सात गोष्टी येऊन उभ्या राहिल्या, तिकिटाच्या खिडकीशी असतात तशा, एकमेकींना कोपरं मारत. त्यांनी छाती भरून घेतली, तोंड उघडलं.

कुसुमावतीबाई ऐकायला सरसावून बसल्या होत्या. हात मांडीवर, मान थोडी कलती. एकेचाळीस वर्षांची ऐकायची बैठक.

बापूरावांनी तोंड मिटलं. ओठ मिटताना त्यांना जे कष्ट पडले, ते मालगाडी हाताने थांबवतानाही पडले नसते.

"भस्मानंदाकडे एक मंत्र आहे," ते म्हणाले. "जनावराला वाचा फुटते. एकदाच चालतो. तो मी टाकला. ही बारी झिपरीची." आणि दोन्ही हातांनी त्यांनी स्वतःचं तोंड झाकून घेतलं.

"अहो, काय हे!" कुसुमावतीबाई गडबडल्या. "मला कुठे येतात गोष्टी?"

बापूराव काही म्हणाले नाहीत. म्हणता येत नव्हतं.

"काकू, म्हातारा वाट बघतोय," अंबिका म्हणाली.

बाईंनी पदर नीट केला. टेबलावरच्या एका डागाकडे बघत, अगदी हळू, त्या बोलू लागल्या. "मी जंगलातली नाही, बाबा. मी एका घरात राहायची, कोठीखाली. त्या घरात एक बोलका माणूस होता. तो इतकं बोलायचा की रात्री शब्द जमिनीवर सांडलेले असायचे. सकाळी पायाला टोचायचे. घरातली बाई ते केरसुणीने गोळा करायची."

"फेकून द्यायची?" म्हाताऱ्याने विचारलं.

"फेकेल कशी? चांगले होते. चाळून घ्यायची. खरे असायचे ते पिठासारखे बारीक, लगेच वापरून संपायचे. थापा मात्र जाड, रसरशीत. त्या ती मीठ लावून बरणीत भरायची आणि वर फडक्याचा दादरा बांधायची."

रुक्मिणीने खुर्ची पुढे ओढली. विश्वंभराच्या हातातलं बिस्किट चहात बुडून गेलं तरी त्याला कळलं नाही.

"मग एका वर्षी त्या माणसाला कामावरून दोन महिने परगावी पाठवलं. घर असं झालं की मला माझ्या मिशा हलल्याचा आवाज यायचा. बाई जेवेना. तेव्हा मी पाहिलं, तिने एक बरणी उतरवली आणि रोज एकेक थाप काढून भाताबरोबर खाल्ली. कुठल्या थापेत वाघ होता, कुठल्या थापेत हत्ती. खाताना एकटीच हसायची. तो माणूस परत आला आणि म्हणाला, तू अंगाने भरलीस की गं. तिने काही सांगितलं नाही. त्याने विचारलंही नाही कधी, त्याला पुढचं बोलायचं होतं."

अंबिकाने फासा हातात घेतला होता, तो तिने न टाकताच खाली ठेवला.

"दार उघडलं," ती म्हणाली. तिला म्हाताऱ्याचा आवाज काढायचा होता, पण तो काही निघाला नाही. नाक पुसून ती वळली. "काका, झिपरीची बारी संपली. आता तुमची. बोला."

सगळ्यांनी कान झाकायची तयारी केली. एवढा वेळ दाबलेलं बोलणं आता छप्पर घेऊनच जाणार होतं. बापूरावांनी तोंडावरचे हात काढले. त्यांचे डोळे पाणावले होते. ऑपरेशननंतर असं होतंच, असं ते पुढे सगळ्यांना सांगत असत. त्यांनी बायकोकडे पाहिलं.

"मग?" ते म्हणाले. "पुढे काय झालं?"

"काका, यात तुमची बारी गेली, बरं का," रुक्मिणी म्हणाली.

बापूरावांनी हातानेच तिला गप्प केलं. कुसुमावतीबाई खुर्चीत मागे सरकल्या, पाठ टेकून नीट बसल्या, आणि म्हणाल्या, "ऐका तर. मग त्या घरात उंदीर शिरले."