माझा एक गोळा शाळेपाशी पडला आहे

मी एक जुना ग्रेनेड लाँचर आहे. मित्रांनो, नाव ऐकून घाबरू नका. मी आत्ता शस्त्रागारातल्या टेबलावर पडलो आहे आणि माझं पोट रिकामं आहे. माझा दस्ता लाकडी, नळी आखूड आणि मधोमध बिजागरी. बिजागरीत वाकवायचं, एक गोळा भरायचा, मिटायचं. बस्स. माझं तोंड एवढं मोठं की त्यात लिंबू मावेल, पण बोलायला त्याचा काडीचा उपयोग नाही. आज त्यानेच माझा घात केला आहे.

माझ्या पिढीचे सगळे भट्टीत वितळले. नवी शस्त्रं आली तेव्हा मीही अडगळीत गेलो होतो. पण कमांडो तुकडीतल्या लंबूने मला शोधून काढलं. "म्हातारा आहे, पण नेम चुकत नाही," असं तो सगळ्यांना सांगायचा. जुनं ते सोनं म्हणतात, तेव्हा मलाही जरा मूठभर मांस चढलं.

मग एका ओस पडलेल्या गावात चकमक झाली. शाळेच्या दारात शत्रू दबा धरून बसला होता. लंबूने कुंपणाआडून घाईघाईने माझा चाप ओढला. त्याच क्षणी शेजारच्या जवानाने फेकलेला हातगोळा दारात फुटला. धूर झाला, शत्रू पळाला आणि सगळ्यांनी लंबूची पाठ थोपटली. माझा गोळा मात्र पायरीवर आपटून गवतात गडगडत गेला होता. तो फुटलाच नव्हता. मी पाहिलं, पण सांगणार कसं?

आज लंबू उड्या मारतच आला. आमची डागडुजी करणारे उस्ताद माझी नळी पुसत होते.

"उस्ताद, ते गाव परत भरलं! शाळा उघडली. माझी ताई तिथेच बाई म्हणून लागलीये."

"वा! तिथल्या दारावर गोळा किती लांबून मारला होतास रे तेव्हा?"

"लांबून कुठलं? कुंपण ते दार, तेवढंच."

उस्तादांचा हात थांबला. "एवढ्या जवळून? अरे, थोडं अंतर कापल्याशिवाय तो फुटत नाही, हे पहिल्याच दिवशी शिकवलं होतं ना?"

"पण आवाज झाला होता..."

"कुणाचा?"

लंबू पांढराफटक पडला. उस्ताद तुकडीच्या साहेबांना कळवायला धावले. लंबू फोन लावतो आहे, पुन्हा पुन्हा लावतो आहे. "ताई, उचल ना गं. मधली सुट्टी झाली असेल, पोरं बाहेर असतील..."

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी त्या शाळेत असेल, तर ऐका. पायरीजवळच्या गवतात मुठीत मावेल असा, टोकाला सोनेरी गोळा दिसेल. तो चेंडू नाही. उचलू नका, लाथ मारू नका, दगड मारू नका. आल्या पावली मागे फिरा आणि इतरांनाही ओढून न्या. मला हात असते तर मी जोडले असते.

आणि वर्गात बाईंच्या टेबलावर फोन वाजतो आहे. कुणीतरी धावत जाऊन उचला रे.